शहरातले शिलेदार

२०२० च्या मे महिन्यात पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येने अमेरिका पेटली होती. २९ तारखेला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात निघालेल्या मोर्चात ब्रियाना नोबल ही कृष्णवर्णीय तरुणी आपल्या डॅपर डॅन नावाच्या घोड्यावर बसून आली. तिची छायाचित्रं बघता बघता जगभर गेली. घोड्यावर बसलेल्या काळ्या बाईकडे कुणाला काणाडोळा करता येत नाही, अशा अर्थाचं ती नंतर पत्रकारांना म्हणाली. पुढच्या दहा दिवसांत ह्यूस्टनमध्ये आणि लॉस एंजेलिसलगतच्या कॉम्प्टनमध्येही कृष्णवर्णीय घोडेस्वारांचे जथे मोर्च्यांत उतरले. एरवी मोर्च्यात घोडा असतो तो पोलिसांचा. स्वाराचं डोकं जमिनीपासून आठेक फुटांवर असतं, गर्दीतल्या माणसाला त्याच्याकडे मान वर करूनच पाहावं लागतं, आणि घोडदळ पोसणाऱ्या प्रत्येक सत्तेला या आठ फुटांची किंमत ठाऊक असते. त्या मे-जूनमध्ये ही उंची काही तासांपुरती दुसऱ्या बाजूला गेली.

घोड्यावर कुणी बसायचं, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात दलित नवरदेवाची वरात घोड्यावरून काढायची तर पोलीस बंदोबस्त मागावा लागतो, अशा बातम्या दर लग्नसराईत येतात. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळत होता आणि त्यावर बसून गावातून जात होता, हेच काहींना खुपलं, असं त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं. मोटारसायकलवरून गेला असता तर कदाचित कुणी वळून पाहिलं नसतं. मोटारसायकल विकत घेता येते; घोड्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा मान चिकटलेला असतो, आणि ज्यांनी तो मान आपल्या घरचा मानला त्यांना दुसरा कुणी रिकिबीत पाय घालताना बघवत नाही.

तरीही उंचीचं हे स्वातंत्र्य मला दुय्यम वाटतं. मोर्चा संपतो, वरात संपते, स्वार खाली उतरतो. मग त्या घोड्याला पाणी कोण पाजतं, तो रात्री कुठे उभा राहतो, ती जागा कुणाच्या नावावर आहे? फिलाडेल्फियाच्या फ्लेचर स्ट्रीटवर, कॉम्प्टनच्या रिचलँड फार्म्समध्ये, डब्लिनच्या कामगार वस्त्यांत लोकांनी भर शहरात घोडे पाळले, आजही पाळतात. त्यांच्याविषयी लिहिलं जातं तेव्हा शब्द ठरलेले असतात: वारा, वेग, मोकळीक. हे सगळं असतंच. पण वेगाचं स्वातंत्र्य भाड्याच्या घोड्यावरही अर्ध्या तासात मिळतं. तबेल्यात जे मिळतं ते वेगळं आहे आणि ते नीट ओळखायला आपल्याच इतिहासातला एक जुना भेद कामी येतो.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचं. शिलेदाराचा पडला तर त्याचं घरच बसलं. जोखीम जास्त, म्हणून मिजासही जास्त. राज्यकर्त्याला अर्थातच बारगीर सोयीचा. शिवाजी महाराजांनी पागेचं बळ वाढवलं आणि शिलेदारांना पागेच्या वचकात ठेवलं, ते शिस्तीच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं. पण माणूस म्हणून विचाराल तर कुणालाही शिलेदारच व्हावंसं वाटेल. शहरातल्या या तबेल्यांत गरीब माणसाला शिलेदारी मिळते, आणि शहर, अगदी त्यातली भली माणसंसुद्धा, त्याला फार तर बारगिरी द्यायला तयार असतात. सगळं भांडण इथे आहे.

हे घोडे शहरात नंतर कुणी हौसेने आणले, असा एक समज असतो. खरं तर ते आधीपासून तिथे होते. जग मोटारीत बसलं आणि ते मागे उरले. अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा आणि घोड्यांचा संबंध गुलामगिरीइतका जुना आहे. मालकांच्या तबेल्यांत घोडे राखले, शिकवले, पळवले ते त्यांनीच. १८७५ साली पहिली केंटकी डर्बी झाली तेव्हा १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते आणि जिंकला तो ऑलिव्हर लुइसही त्यांच्यातलाच. आयझॅक मर्फीने ती शर्यत तीनदा मारली. यादवी युद्धानंतर टेक्सासातून उत्तरेकडे गुरं हाकणाऱ्या काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जॉकींना शर्यतींतून हुसकावण्यात आलं. काउबॉयांचं काम हॉलिवूडने केलं: त्यांना पडद्यावर गोरं करून टाकलं.

१९१६ ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. त्यांनी सोबत काय आणलं याच्या यादीत संगीत आणि चर्च नेहमी येतात, घोडा राखण्याचा हात सहसा येत नाही. पण तोही आला होता. शहरात बर्फ, कोळसा, भाजी, भंगार घोडागाडीवर फिरायचं आणि त्या गाड्या हाकणाऱ्यांत हे लोक होते. बाल्टिमोरमध्ये या फेरीवाल्यांना ॲरॅबर म्हणतात. रंगवलेली गाडी, घोड्याच्या साजाला घंट्या आणि गल्लीत शिरल्यावर सुरात दिलेली हाळी हा धंदा आज मोजक्या लोकांच्या हाती उरला असला तरी मेलेला नाही. फिलाडेल्फियातही गाड्या गेल्या पण गाड्यांमागचे तबेले लगेच गेले नाहीत, कारण शहराला त्या जागांची गरजच उरली नव्हती. १९५० साली या शहराची लोकसंख्या २० लाखांच्या वर होती. २००० साली ती १५ लाखांच्या आसपास आली. कारखाने बंद पडले, ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले, चाळीसारखी ओळीने बांधलेली विटांची घरं ओस पडली, पडली ती उचलली गेली नाहीत. उत्तर फिलाडेल्फियात स्ट्रॉबेरी मॅन्शन नावाची वस्ती आहे. नाव ऐकून बागबगिचा डोळ्यांपुढे येईल, पण तिथे होते ओळीतून दात पडावेत तसे मोकळे भूखंड. पालिकेने वाऱ्यावर सोडलेल्या त्या जागांवर लोकांनी घोडे चारले. फ्लेचर स्ट्रीटचे तबेले या अनास्थेच्या खतावर वाढले. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

घोडे यायचे ते न्यू हॉलंडच्या लिलावातून. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात, म्हणजे आमिश शेतकऱ्यांच्या मुलखात, हा लिलाव भरतो. थकलेले गाडीचे घोडे, शर्यतीतून बाद झालेले घोडे, कुणालाच नको असलेले घोडे. तिथे ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही तो खाटकाच्या दलालाकडे जातो. अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तेव्हापासून असे घोडे कॅनडा किंवा मेक्सिकोला रवाना होतात. फ्लेचर स्ट्रीटचा माणूस काही शे डॉलर मोजून त्यातला एक सोडवतो. शहराने टाकलेली जागा, शर्यतीने टाकलेला घोडा आणि शाळेने, कारखान्याने जवळजवळ टाकलेला पोरगा अशी ही गाठ पडते. यावरून सिनेमा निघणार हे उघड होतं. जी. नेरी यांनी २०११ मध्ये त्यावर किशोर कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून ‘काँक्रीट काउबॉय’ हा इद्रिस एल्बाचा चित्रपट आला. तबेल्यातले काही खरे स्वार त्यात भूमिकाही करून गेले. चित्रपट वाईट नाही, पण सिनेमाला पळता घोडा आवडतो, उभा घोडा आवडत नाही. आणि घोडा पाळणं म्हणजे मुख्यतः उभ्या घोड्याशी संसार.

उभा घोडा काय मागतो? साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर रोज आठ-दहा किलो वैरण खातं, तीस-चाळीस लिटर पाणी पितं आणि वीसेक किलो लीद टाकतं. ती लीद रोज उचलावी लागते, कारण ओल्यात उभं राहून खूर सडतात. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठतं, तेव्हा पहाटे जाऊन वरचा बर्फ फोडावा लागतो. थंडी आहे म्हणून घोडा तहान पुढे ढकलत नाही. खरारा करायचा, खुरांतले खडे काढायचे, चंदी मोजून द्यायची, कारण जास्त झाली तर तीही घातक. घोड्याला ओकता येत नाही. पोटात कळ उठली की आत गेलेलं बाहेर पडायला तोंडाची वाट नसते आणि साधी पोटदुखी जिवावर बेतते. अशा रात्री डॉक्टर येईपर्यंत त्याला धरून चालवत राहावं लागतं.

ही यादी एवढ्यासाठी दिली की तिच्यात समुदायाचं कारण दडलेलं आहे. एकटा गरीब माणूस घोडा पाळूच शकत नाही. पाळी दुसऱ्याला द्यावी लागते, वैरणीची गाडी वाटून घ्यावी लागते. रात्री दोनला फोन केला तर उठून येणारा कुणीतरी हवा, आणि आपल्यालाही त्याच्या फोनला उठावं लागतं. श्रीमंताच्या घोड्याला मोतद्दार असतो, त्याला शेजारी लागत नाही. म्हणूनच महागड्या रायडिंग क्लबात सभासद असतात आणि फ्लेचर स्ट्रीटवर बिरादरी असते. तिथली म्हातारी माणसं पोरांना जे शिकवतात त्यात घोडेस्वारी थोडी असते, हजेरी जास्त असते. ‘उद्या येतो’ म्हणालास तर उद्या ये, कारण तू आला नाहीस तर एक मुका जीव उपाशी राहणार. ज्या मुलाला शाळेत, बसथांब्यावर, दुकानात सगळीकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहिलं जातं, त्याच्यावर कुणीतरी विसंबून आहे, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच घडते. त्याच्याविना कुणाचं अडतं. मला हे स्वातंत्र्याचं मूळ वाटतं, जरी वरवर ते त्याच्या उलट दिसत असलं तरी. बेकारीत, उपेक्षेत माणसाला वेळ हवा तेवढा असतो, पण तो वेळ त्याचा नसतो. कुणाला त्याची गरज नसल्यामुळे तो पडून राहिलेला असतो. पहाटे पाचला तबेल्याचं दार उघडणाऱ्याला वेळ कमी असतो, पण आहे तो त्याच्या मालकीचा असतो.

इथे मानसोपचाराची भाषा फार लवकर शिरते, ती जरा दाराबाहेर ठेवलेली बरी. घोडा मन वाचतो, जखमा भरतो वगैरे. घोडा हा शिकार होणाऱ्या जातीतला प्राणी आहे, म्हणून माणसाच्या हालचालीतला ताण त्याला चटकन कळतो. त्याच्यावर ओरडून काम होत नाही आणि गल्लीत टिकून राहायला जो ताठा अंगात मुरवलेला असतो तो त्याच्याजवळ जाताना उतरवावा लागतो, एवढं खरं. पण त्याला तुमच्या बालपणाचं काही पडलेलं नसतं. त्याला चंदीची पडलेली असते, आणि नेमका तोच त्याचा गुण आहे. समाजसेवक, पोलीस, न्यायाधीश सगळे या मुलाकडे त्याच्या फाइलीतून पाहतात. घोड्याला फाइल वाचता येत नाही.

आता बारगिरीकडे येऊ. फिलाडेल्फियातच, फेअरमाउंट पार्कच्या शॅमूनी तबेल्यात, लेझ्ली हायनर यांनी १९९४ मध्ये ‘वर्क टू राइड’ ही संस्था सुरू केली. गरीब वस्तीतल्या मुलांनी तबेल्यात राबायचं आणि त्या बदल्यात घोडेस्वारी शिकायची. शाळेत बरे गुण टिकवायचे ही अट. २०११ मध्ये या तबेल्यातल्या मुलांनी पोलोचं राष्ट्रीय आंतरशालेय अजिंक्यपद जिंकलं. ते जिंकणारा हा पहिला संपूर्ण कृष्णवर्णीय संघ होता. त्यातल्या करीम रॉसर यांनी पुढे आत्मकथन लिहिलं. पोलोसारखा खेळ, जिथे घोडा सांभाळणारा काळा आणि खेळणारा गोरा अशी वहिवाट, तिथे हे घडलं. लंडनमध्ये ब्रिक्स्टनच्या एबनी हॉर्स क्लबने असंच काम केलं. १९९६ पासून चाललेल्या या क्लबने २०११ मध्ये रेल्वेच्या रुळांशेजारी, उंच इमारतींच्या सावलीत स्वतःचा तबेला उभारला. तिथे शाळकरी वयात घोड्यावर बसायला शिकलेली खदिजा मल्ला २०१९ च्या ऑगस्टमध्ये गुडवुडला मॅग्नोलिया कप जिंकली. हिजाब घालून ब्रिटनमधल्या स्पर्धात्मक शर्यतीत उतरलेली ती पहिली जॉकी. शर्यतीच्या घोड्यावर ती पहिल्यांदा बसली होती त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते.

या संस्थांना नावं ठेवायचा माझा मुळीच इरादा नाही. घोडे नीट राखले जातात, मुलं सुरक्षित असतात, आणि ज्या पोराकडे घोडा घ्यायला दमडी नाही त्याला दुसरी वाट तरी कुठली? पण घोडा संस्थेचा आहे. गुण घसरले तर स्वारी बंद. देणगीदारांना अहवाल द्यायचा असतो, आणि त्यात लिहावं लागतं की या मुलाला घोड्याने वाचवलं. ‘वाचवलं’ हे क्रियापद गरिबांच्याच वाट्याला का येतं? पुण्या-मुंबईतल्या एखाद्या उद्योगपतीची मुलगी घोडेस्वारी शिकते तेव्हा ती कशापासून वाचली, असं कुणी विचारत नाही. तिला घोडे आवडतात, एवढं पुरतं. गरीब मुलाची आवड मात्र गुन्हेगारी घटल्याच्या हिशेबात मांडून दाखवल्याशिवाय मंजूर होत नाही. कॉम्प्टन काउबॉइज या गटाने तर हे स्वतःच घोषवाक्यात ओतलं: रस्त्यांनी आम्हाला वाढवलं, घोड्यांनी आम्हाला वाचवलं. ते अनुभवातून आलंय, त्याला खोटं म्हणता येणार नाही. पण ते इतकं लोकप्रिय का झालं याचा विचार केला तर थोडं अस्वस्थ व्हायला होतं. मुलांना वाचवायचं काम घोडे करत असतील तर शाळांनी, रुग्णालयांनी, पालिकेने ते का केलं नाही, हा प्रश्न त्या वाक्याच्या लयीत बुडून जातो.

फ्लेचर स्ट्रीटवर किंवा ॲरॅबरांच्या तबेल्यात घोडा ज्याचा त्याचा असतो. तिथे गुणपत्रिका दाखवावी लागत नाही. नापास झालेला, तुरुंगातून सुटून आलेला, सुधारायचं अजून मनावर न घेतलेला माणूससुद्धा तिथे शिलेदार असतो.

यावरचा खरा आक्षेप गुणपत्रिकेचा नाही, घोड्याचा आहे. माणसाच्या स्वातंत्र्याची एवढी चर्चा करता, आणि डांबरावर खूर झिजवणाऱ्या, चौकाएवढ्या जागेत उभ्या असलेल्या त्या जनावराचं काय? हा आक्षेप टोलवून लावता येत नाही. डब्लिनचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. फिंगलस, बॅलीमन, बॅलीफर्मट या वस्त्यांत फ्लॅटांच्या इमारतींमधल्या हिरवळीवर पोरांनी पोनी बांधलेले असत, स्मिथफील्डच्या जुन्या बाजारात ते विकत मिळत. उपाशी, मोकाट, रस्त्यावर गाड्यांखाली येणारे घोडे वाढले तेव्हा आयर्लंडने १९९६ मध्ये घोडे नियंत्रणाचा कायदा केला. परवाना हवा, परवान्यासाठी योग्य तबेला आणि चरायला जागा हवी. फ्लॅटमधल्या पोराकडे दोन्ही असणं शक्यच नव्हतं. म्हणजे कायद्याने घोडा सांभाळा असं सांगितलं नाही, तो तुमच्यासाठी नाही असं सांगितलं. गंमत अशी की त्यामुळे घोड्यांचंही भलं झालं नाही. २००८ च्या मंदीनंतर आयर्लंडात घोड्यांचे भाव कोसळले आणि लोकांनी ते वाऱ्यावर सोडले, त्यांत तेजीच्या दिवसांत हौसेने घोडे घेतलेलेही होते. स्थानिक प्रशासनांनी हजारो घोडे जप्त केले आणि त्यांतल्या बहुतेकांना मारून टाकावं लागलं.

मुंबईच्या व्हिक्टोरियांचा, म्हणजे घोडागाड्यांचा, निकाल आठवा. एका प्राणी-कल्याण न्यासाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. चालक-मालकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेशही सरकारला दिला. तबेल्यांना परवाने नव्हते, घोड्यांचे हाल होते, आणि मरीन ड्राइव्हच्या कडेला चंदेरी पत्र्याने मढवलेल्या गाड्यांना जुंपलेले ते घोडे ज्यांनी नीट पाहिले त्यांना निकाल चुकीचा वाटणं कठीण आहे. मलाही वाटत नाही. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या, पर्यटकांची हौस शाबूत राहिली. पण पुनर्वसनाच्या साऱ्या वाटाघाटीत गाडीवाला म्हणजे बुडालेलं उत्पन्न, इतकंच धरलं गेलं. बापाकडून घोड्याचं दुखणं ओळखायला शिकलेला माणूस, ही त्याची दुसरी ओळख कुठल्याच रकान्यात बसली नाही. त्या शहरात घोडे उरले नाहीत असंही नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ते होते आणि आहेत, उत्तम तबेल्यांत. २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, १९३२ मध्ये बंद झालेलं मुंबई पोलिसांचं घोडदळ पुन्हा सुरू करत असल्याची घोषणाही झाली. शर्यतीचा घोडा चालतो, सरकारी घोडा चालतो. हाल झाले ते गरिबाच्या घोड्याचे, हे खरं, पण त्याला चांगला तबेला बांधून देण्याचा पर्याय कुणाच्या मनातही आला नाही.

घोड्याच्या बाजूने बोलायचं तर मागणी सोपी आहे: जागा, पाणी, नालबंद, डॉक्टर. यातली एकही गोष्ट गरिबाला देता येणार नाही अशी नाही. डॉक्टर आणि नालबंदाची सोय संस्था करू शकतात, आणि ती करताना घोडा संस्थेच्या नावावर करून घ्यायची गरज नसते. अडतं ते जागेपाशी.

फ्लेचर स्ट्रीटवर २००८ मध्ये पालिकेने बुलडोझर आणून काही तबेले पाडले. जमीन पालिकेची होती, कागद पालिकेच्या बाजूने होते. उरलेल्या तबेल्यांसमोरचं मोकळं मैदान, जिथे घोडे पळवले जात, तेही पुढे बांधकामाखाली गेलं. आणि इथे गोष्ट सोपी राहत नाही, कारण तिथे येणार होती ती ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी घरं. आलिशान टॉवर असता तर कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे ठरवायला क्षणही लागला नसता. पण वस्तीतल्याच म्हाताऱ्यांना घर हवं आणि वस्तीतल्याच पोरांना मैदान हवं, असं भांडण गरिबांच्या आपसात लावून दिलं की शहर मधून अलगद निसटतं. पन्नास वर्षं त्या भूखंडाला कुणी विचारलं नाही. भोवतालच्या जमिनीला भाव येऊ लागल्यावरच त्याच्यावर सार्वजनिक हित उगवलं. अनास्थेने मिळालेली मोकळी जागा आस्था जागी झाल्याबरोबर हातची जाते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो, पण तो उभा राहतो ती जमीन उसनी.

कॉम्प्टनची गोष्ट निराळी घडली याचं कारण तिथले लोक अधिक शूर किंवा त्यांचे घोडे अधिक गुणी, असं काही नाही. ग्रिफिथ डिकनसन कॉम्प्टन या वसाहतकाराने १८८८ मध्ये जमीन देताना तिच्यातला काही भाग शेतीसाठी राखून ठेवण्याची अट घातली होती. त्यामुळे रिचलँड फार्म्सच्या मोठमोठ्या भूखंडांवर घोडे, कोंबड्या, शेळ्या ठेवणं आजही नियमात बसतं. तिथे आधी गोऱ्यांची वस्ती होती. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी घर-करारांना कायद्याचं पाठबळ नाकारलं, त्यानंतरच्या दशकांत कृष्णवर्णीय कुटुंबं आली. १९८८ मध्ये मायिशा अकबर यांनी तिथेच मुलांसाठी कॉम्प्टन ज्युनियर पॉसी सुरू केली, आणि तिच्यातून मोठी झालेली मंडळी पुढे कॉम्प्टन काउबॉइज झाली. आता तिथल्या पुष्कळ घरांत मेक्सिकन वंशाची कुटुंबं राहतात, त्यांचे नाचरे घोडे रविवारी त्याच रस्त्यांवर दिसतात. घोडे कुणाचे, हे दोनदा बदललं. नकाशावरचा शेतीचा पट्टा मात्र तिघांनाही पुरला. बंदुका, टोळ्या, रॅप यांसाठीच जगाला माहीत असलेल्या गावात घोडा टिकला तो जमीन-वापराच्या एका कंटाळवाण्या कलमामुळे. त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

जमीन-वापराचा असाच एक निर्णय मुंबईतही झाला: २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांचा वाद मिटवताना ९१ एकर रेसकोर्सकडे ठेवायचं आणि १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं ठरलं. वरळी, धोबीघाट, सात रस्ता इथल्या वस्त्यांतून ही जागा चालत येण्याइतकी जवळ. त्या १२० एकरांत एक साधा, सार्वजनिक तबेला का नसावा, जिथे गाडी गेल्यावर बेकार झालेला एखादा व्हिक्टोरियावाला पोरांना खरारा कसा करायचा ते शिकवील, आणि दोन-चार कुटुंबांना मिळून स्वतःच्या नावावर एक घोडा ठेवता येईल? ही मागणी कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. केली तर तिच्यावर येणाऱ्या हरकतीही मला आत्ताच पाठ आहेत: वास, माश्या, खर्च, आणि घोडे पाळायला ही काय जागा आहे का. यातली शेवटची हरकत भिंतीपलीकडच्या ९१ एकरांबद्दल कधी घेतली जात नाही.